रेंज फक्त सड्यावर मिळते. रोज सात साईट उघडून बघण्याला काही उपाय?

कातळसडा (देवगड तालुका)
आमच्या वाडीत घरात रेंज नाही. सड्यावर पाण्याच्या टाकीपाशी गेलं की येते. सकाळी गुरं सोडायला जाते, तेवढी वीस मिनिटं माझी. त्यात आंब्याच्या फवारणीवर लिहिणारे दोन ब्लॉग, धाकट्या बहिणीचा पाककृतींचा ब्लॉग, एक यूट्यूब चॅनेल, सूचनांची दोन-तीन पानं असं एकेक उघडत बसते. बहुतेक दिवशी नवीन काही नसतंच. यंदा मोहोर आला तेव्हा एका कार्यालयाने अर्जाची मुदत त्यांच्या साईटवर टाकली आणि मी ती पाहिली मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी. फार लागलं मनाला. मुलगा म्हणतो फीड रीडर घे. घरी रेंज नसताना वाचता येईल का त्यात?

रापण (मालवण)
येईल, ताई. साईटवर लेखांबरोबर आरएसएस किंवा अ‍ॅटम नावाची एक साधी फाईल असते, तिलाच फीड म्हणतात. नवा लेख आला की त्याचं शीर्षक, तारीख, दुवा तिच्यात येतो. फीड रीडर म्हणजे सगळ्या साईटची तेवढी फाईल मागून एका जागी दाखवणारं अ‍ॅप. नीट बांधलेली साईट असेल तर बदल नसताना सर्व्हर नुसता ३०४ हा आकडा कळवतो, फाईल पाठवतच नाही. म्हणून कमी रेंजमध्येही भागतं.

अँड्रॉइडवर ‘फीडर’ नावाचं अ‍ॅप घ्या, खातं उघडावं लागत नाही. साईटचा पत्ता टाकला की बहुतेक वेळा फीड तेच शोधतं. नाही सापडलं आणि साईट वर्डप्रेसची असली, तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन इंग्रजीत फीड लिहून बघा. यूट्यूब चॅनेललाही फीड असतं, पण घरी नुसतं शीर्षक दिसेल, व्हिडिओ नाही.

एक मात्र विसरू नका. काहीजण फीडमध्ये चारच ओळी देतात. अशा साईटच्या सेटिंगमध्ये पूर्ण लेख आधीच उतरवून ठेवायची सोय आहे, ती चालू करा. टाकीपाशी पोचलात की यादी बोटाने खाली ओढायची, दोन मिनिटं थांबायचं, झालं.

आणि जोडलेल्या साईटच्या यादीची ओपीएमएल फाईल काढून ठेवा, ती दुसऱ्या रीडरमध्येही घालता येते. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं तेव्हा माझी सगळी यादी त्या फाईलमुळे वाचली. तीच अजून वापरतोय.

वेंगुर्ल्याची बाई
मी इनोरीडर वापरते. त्यात खातं लागतं, पण शाळेतल्या कॉम्प्युटरवर वाचलेलं फोनवर पुन्हा नवीन म्हणून येत नाही. तुमचा एकच फोन असेल तर फीडरच बरं.

वादळाच्या इशाऱ्यासाठी मात्र यावर विसंबू नका हो. रीडर ठरल्या वेळी विचारायला जातो, रेंज नसली तर जातच नाही. आमच्या घरची माणसं होडी घेऊन जातात. तो निरोप आम्ही रेडिओवरून आणि बंदरावरच्या बावट्यावरूनच घेतो.

कातळसडा
दोघांचेही आभार. सातपैकी पाच जोडल्या. बहिणीचा ब्लॉग आपोआप सापडला, फवारणीच्या एका ब्लॉगला शेवटी फीड लिहावं लागलं. काल संध्याकाळी पडवीत बसून तुडतुड्यांवरचा अख्खा लेख वाचला, चित्रं तेवढी आली नाहीत. पण ज्या पानामुळे माझी मुदत गेली त्याला फीडच नाही. त्याचं काय करू?

रापण
पानातला बदल पाहणारी साधनं वेगळी असतात. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये ‘डिस्टिल’ हे एक्स्टेन्शन बसवून पानाचा सूचनांचा भाग निवडायचा, तो बदलला की ते कळवतं. पण कॉम्प्युटर आणि ब्राउझर चालू हवा. मुलगा कुठे असतो?

कातळसडा
रत्नागिरीला, आणि त्याचा कॉम्प्युटर दिवसभर चालूच असतो. आज बसवतो म्हणालाय. बदल दिसला की मला साधा मेसेज करेल, मी टाकीपाशी गेले की मिळेल.