'देवाचं देणं' म्हणजे भेट की कर्ज?

धागाकर्ती: एका प्रार्थनेचं मराठी करतेय. आशय असा की घरची माणसं आणि आपलं काम दोन्ही देवानेच दिलंय, ते जपा. मी लिहिलं 'कुटुंब आणि काम हे देवाचं देणं आहे' तर आई म्हणाली अगं देणं फेडायचं असतं, हे कर्ज वाटतंय. आता मलाही तसंच ऐकू येतंय. 'देणगी' करू का? आणि ज्या कामासाठी आपल्याला कुणीतरी बोलावलंय असं आतून वाटतं त्याला 'व्यवसाय' फार कोरडा होतो, दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेडा: देणगी नको, पावतीपुस्तक डोळ्यासमोर येतं. 'देन' लिहा की.

जुनी पाटी: देन हिंदी आहे हो. आणि गळा ही देवाची देणगी म्हणतोच ना आपण, तेव्हा कुठे पावती आठवते?

शब्दवेडा: पेशा फारसीतून आलेला चालतो मग देनवरच राग का?

वाचक: बायबलच्या मराठी भाषांतरात 'पाचारण' आहे. जर्मनमध्ये पेशाला बेरूफ म्हणतात, त्यातही हाक मारणंच आहे. पण आपल्याकडे पाचारण फक्त पोलिसांना करतात, बातम्यांनी शब्द पार वापरून टाकला.

ओसरी: 'प्रसाद' का नको? पसायदानातला पसाय म्हणजे प्रसादच. माझे वडील शिक्षक, वर्गात शिरताना रोज उंबऱ्याला हात लावायचे, निवृत्तीच्या दिवशीही लावला आणि मग तिथेच उभे राहिले, आत जाईनात. ते कामाला प्रसादच म्हणायचे, मिळाला तसा दोन्ही हातांनी घ्यायचा, नावं ठेवायची नाहीत.

जुनी पाटी: वाचून गलबलून आलं. पण प्रसाद खाऊन संपतो, लेकरांना प्रसाद कसं म्हणणार? मी तर म्हणते ताई देणंच ठेवा, आईंना कर्ज ऐकू आलं तर येऊ दे, आईवडिलांचं आपण फेडतो कुठे, पुढे मुलांनाच देतो ना.

वाचक: 'जपा' पण बघा. जप करणं आणि जपणं एकच असावं असं मला नेहमी वाटतं, ज्याची काळजी त्याचंच नाव सारखं तोंडात.

शब्दवेडा: मग 'जपून जा' मध्ये कसला जप?

वाचक: अहो आई दारातून म्हणते तेव्हा जपच असतो तो!

शब्दवेडा: ही भावना झाली, व्युत्पत्ती नाही.

धागाकर्ती: आई 'देणं'वर अजून अडून आहे. आणि कामाचं काय? पाचारण सोडून काहीतरी सांगा ना, उद्या द्यायचंय.