मदत हवी आहे : बहिणीचा नवरा कुत्र्याला मारतो आणि ती म्हणते, 'मला कधी हात लावला नाही'

(संपादित : काही तपशील काढले आहेत. कारण खाली प्रतिसादांत आहे.)

प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे. नवरा, शाळेत जाणारा मुलगा आणि एक म्हातारा होत आलेला कुत्रा असं घर. नवरा चिडला की कुत्र्यावर काढतो. लाथ घालतो, रात्रभर बाहेर बांधून ठेवतो, 'एक दिवस लांब नेऊन सोडून येईन' म्हणतो. बहिणीला काही म्हटलं तर तिचं ठरलेलं उत्तर : 'अगं, माझ्यावर नाही हात उचलत. राग निघून जातो, तेवढंच.'

मागच्या वेळी मी तिथेच होते. ती आईशी फोनवर बोलत होती आणि बोलणं जरा लांबलं. हा उठला, अवाक्षर न बोलता कुत्र्याला गळपट्ट्याला धरून उचललं. पुढचे पाय अधांतरी. त्याची नजर मात्र कुत्र्याकडे नव्हतीच, सगळा वेळ बहिणीकडे होती. तिने फोन ठेवला तसा त्याने कुत्रा खाली सोडला. याला राग म्हणतात का? मला तरी तो पूर्ण शांत दिसला.

घर सोडायचं तिच्या मनात आहे, पण कुत्र्याला त्याच्या हाती देऊन निघायला ती तयार नाही. आणि कुत्र्यासकट कुठे जाणार? 'एका कुत्र्यापायी कसली अडतेस' हे तिला ऐकवून झालंय (मी नाही, घरातल्यांनी). त्यात आता भाचाही कुत्र्याचा कान पिरगाळतो आणि 'बाबांना सांगू का?' म्हणतो.

मी उगाच घाबरतेय का? आणि कुत्र्याला आधी तिथून कसं हलवू?

प्रतिसाद १
उगाच नाही. मी अडचणीतल्या बायकांसोबत काम करते. तुम्ही फोनचं जे लिहिलंय, त्यात मार कुत्र्याला होता पण निरोप बहिणीला होता. घरातल्या हिंसेत प्राणी असा वापरला जातो हे काही नवीन नाही. अमेरिकेत युटा राज्यात मारहाण झालेल्या बायकांसाठीच्या एका निवाऱ्यात आलेल्या ३८ बायकांशी फ्रँक असिओन या अभ्यासकाने बोलून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्याकडे पाळीव प्राणी होते त्यांच्यापैकी ७१ टक्के बायकांनी सांगितलं की जोडीदाराने प्राण्याला इजा केली, मारून टाकलं किंवा तशी धमकी दिली. नमुना लहान होता, हे खरं. पण प्राण्याच्या काळजीने घर सोडायला उशीर केल्याचं सांगणाऱ्याही त्यांत होत्या. तेव्हा तुमची बहीण जगावेगळं काही करत नाहीये, घरच्यांना हे जरूर सांगा.

प्रतिसाद २
सहमत, पण एक दुरुस्ती. 'आज कुत्रा, उद्या बायको' अशी पायरी सरसकट लावू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेचे आरोप झालेल्या १५३ जणांची त्यांच्या शेजाऱ्यांशी तुलना केली होती, १९९९ चा अभ्यास. या लोकांच्या नावावर हिंसक गुन्हे कितीतरी जास्त निघाले, पण प्राणी आधी आणि माणूस नंतर असा क्रम काही सापडला नाही. सांगायचं कारण हे की पुढे काय होईल याची वाट बघण्यात अर्थ नाही. जे व्हायचं ते आत्ता चालू आहे. फोन कुणाशी किती वेळ बोलायचा हे तो ठरवतोय, हात लावला काय न लावला काय.

धागाकर्ती
हे पटलं. पण बहिणीला 'तुझ्यावर हिंसा होतेय' म्हटलं की ती गप्प होते.

प्रतिसाद १
मग तो शब्द वापरूच नका. कुत्र्याबद्दल विचारा. 'तो घरात असला की कुत्रा कुठे बसतो?' असं. स्वतःचं सांगायला लाज वाटते, प्राण्याचं बायका भडाभडा सांगतात. आणि भाच्याला रागावू नका. जे बघतो ते करून बघतोय. त्याच्याशी वेगळं बोलायला हवं, शक्यतो मुलांच्या समुपदेशकाने.

प्रतिसाद ३
मी पशुवैद्य आहे, कामाचं तेवढं सांगतो. लसीकरणाचं पुस्तक, परवाना, मायक्रोचिपची नोंद जे काही असेल ते बहिणीच्या नावावर आहे का बघा. नसेल तर पुढच्या लशीच्या वेळी तिने नाव बदलून घ्यावं. उद्या 'कुत्रा माझा' असा वाद झाला तर हेच कागद उपयोगी पडतात. कुत्र्याला एकदा तपासून घ्या. जुनं, अर्धवट जुळलेलं बरगडीचं हाड एक्स-रेमध्ये दिसतं. नोंद तारखेसकट लेखी मागा आणि फोटो तिच्या फोनमध्ये न ठेवता तुमच्याकडे ठेवा. हलवायला सबबही यातूनच मिळते. म्हातारा कुत्रा आहे, 'उपचारासाठी ठेवून घेतलाय' म्हटलं तर कुणाला वावगं वाटत नाही. पण कुत्रा आणि ती यांच्या निघण्यात फार दिवस जाऊ देऊ नका. धाक दाखवायचं साधन हातचं गेलं की असा माणूस दुसरं शोधतो.

प्रतिसाद २
कायद्याचंही वकिलाला विचारून ठेवा. मेन या अमेरिकी राज्याने २००६ मध्ये पहिल्यांदा संरक्षण आदेशात (मारहाण करणाऱ्याला लांब ठेवणारा कोर्टाचा हुकूम) पाळीव प्राणी घ्यायची तरतूद केली. नंतर बऱ्याच राज्यांनी तेच केलं. तुमच्याकडे तशी स्वतंत्र तरतूद नसली, तरी अर्जात कुत्र्याला झालेली मारहाण तारखांसकट लिहायला सांगा, धमकीचा पुरावा म्हणून.

धागाकर्ती
कुत्रा माझ्याकडे ठेवता येईल. तो विचारायला आला तर?

प्रतिसाद १
तुमच्याकडे नको. पहिल्यांदा तो तिथेच येईल. त्याला माहीत नसलेल्या कुणाकडे ठेवा आणि ते घर बहिणीलाही सुरुवातीला सांगू नका, म्हणजे त्याला तिच्याकडून पत्ता काढून घेता येणार नाही. गळपट्ट्याला माग काढणारं बटण लावलेलं नाही ना, तेही बघा. आणि ताई, तुम्ही वर कुत्र्याची जात, रंग, नाव सगळं लिहिलंय. हा धागा त्यालाही वाचता येतो. आधी ते काढा, पुढचं व्यनित (व्यक्तिगत निरोपात) बोलू.

धागाकर्ती
काढलं. व्यनि केलाय.