शार्कची भीती आकड्यांनी का जात नाही, आणि पाण्यात उतरायचे ते कोणत्या अटींवर?

खोलपाणी (प्रश्न)

गेली तीन वर्षे मी खुल्या समुद्रात नियमितपणे पोहत आहे. शार्कने स्वतःहून माणसाला चावा घेतल्याच्या नोंदी जगभरात वर्षाकाठी साधारण ६० ते ७० असतात आणि त्यांतील मृत्यू सरासरीने सहाच्या आसपास राहतात, हे मी इतक्या वेळा वाचले आहे की ते मला पाठ झाले आहे. असे असूनही पाय तळाला टेकेनासे झाले आणि खालचे पाणी हिरव्याचे काळे होऊ लागले, की पोटात गोळा येतो, हातांची लय बिघडते आणि सगळी आकडेवारी किनाऱ्यावर टॉवेलाशेजारीच राहून गेलेली असते. सर्पदंशाने जगात दरवर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसे दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तरीही गवतातून चालताना मला असे काही होत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. ही भीती आकड्यांना का दाद देत नाही? आणि दुसरा, जो मला अधिक छळतो: पोहणे हा माझा छंद आहे, समुद्र हे त्या प्राण्याचे घर आहे, मग माझ्या सुरक्षिततेसाठी किनाऱ्याजवळचे शार्क मारावेत अशी मागणी मी करू शकतो का, आणि करू शकत नसेन तर कोणत्या अटी पाळून मी त्या पाण्यात उतरावे?

छेदस्थानी

आपली आकडेवारी खोटी नाही, पण ती आपल्या प्रश्नाचे उत्तरही नाही. साठ-सत्तर घटना आठ अब्ज लोकांत वाटल्या की धोका नाहीसाच होतो, कारण त्या आठ अब्जांपैकी बहुतेक जण त्या वर्षी समुद्रात गुडघ्यापलीकडे उतरलेलेच नसतात. छेदस्थानी पाण्यात घालवलेले तास हवेत, आणि तेही कोणत्या किनाऱ्यावरचे व कोणत्या ऋतूतले, हे पाहून. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. जीवघेण्या चाव्यांपैकी बहुतेक ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल या तीनच जातींच्या नावावर आहेत. जिथे या तिन्ही फिरकत नाहीत तिथे आपला धोका जागतिक सरासरीहूनही कमी आहे, आणि जिथे सीलांची वसाहत हाकेच्या अंतरावर आहे तिथे तो सरासरीच्या कितीतरी पट असू शकतो. (नारळ डोक्यात पडून दरवर्षी १५० माणसे मरतात, म्हणजे शार्कपेक्षा नारळ घातक, हे वाक्य आपणही वाचले असेल. त्या १५० ला कसलाही भरवशाचा आधार नाही. भीती घालवण्यासाठी खोटा आकडा वापरला, की पुढे खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.)

आता भीतीविषयी. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ साली मांडले होते की सामान्य माणूस धोक्याचे माप मृतांच्या संख्येवरून घेत नाही. तो धोका किती भयंकर वाटतो, किती अनोळखी आहे आणि आपल्या हातात किती आहे, यांवरून घेतो. गवतात आपण पाय आपटू शकता, काठी वापरू शकता, थांबू शकता. पाण्यात आपण शार्कच्या वेगाच्या आसपासही नसता, खालचे दिसत नाही, आणि मरणाचा प्रकार ‘खाल्ले जाणे’ हा असतो. त्यामुळे ही भीती मला अडाणी वाटत नाही. तिची मात्रा मात्र बाहेरून वाढवली गेली आहे. जुलै १९१६ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बारा दिवसांत चार माणसे दगावली, त्यांपैकी दोघे समुद्रात नव्हे तर आत शिरलेल्या खाडीत. शार्क जिवंत माणसावर येत नाही असे तोवर अनेक जाणकार मानत होते. त्यानंतर लंबक एकदम दुसऱ्या टोकाला गेला आणि १९७५ च्या ‘जॉज’ या गाजलेल्या चित्रपटाने तो तिथेच अडकवून ठेवला.

निळावंती

मी अनेक वर्षे डायव्हिंग करते, म्हणून फक्त अटींविषयी लिहिते. पहाटे, संधिप्रकाशात आणि रात्री पोहू नये. पावसानंतर नदीच्या मुखाजवळचे गढूळ पाणी टाळावे, कारण बुल शार्कला गोडे पाणीही चालते आणि गढूळपणात त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते. जिथे पक्षी पाण्यात सूर मारत आहेत, मासेमारी चालू आहे किंवा आमिष टाकले जात आहे, तिथे उतरू नये. चकाकणारे दागिने काढून ठेवावेत. एकट्याने जाऊ नये, आणि हा नियम मी सर्वांत वर ठेवते, कारण चावा बहुधा एकच असतो आणि माणूस दगावतो तो रक्तस्रावाने. रक्त थांबवण्याचा पट्टा हातापायाला जखमेच्या वर लगेच आवळता आला, तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. आपल्या गटात तो पट्टा कोणाकडे असतो आणि तो वापरता कोणाला येतो, हे विचारून पाहा.

समोर शार्क आलाच तर पाठ फिरवून हातपाय आपटत पळू नये. त्याच्याकडे तोंड ठेवावे, नजर सोडू नये आणि सावकाश मागे सरकावे. ग्रे रीफ शार्क अस्वस्थ झाला की पाठीची कमान करतो, छातीचे पर खाली पाडतो आणि डोके डावीउजवीकडे हलवत ताठरल्यासारखा पोहतो. ते मी एकदाच पाहिले आहे आणि दोन वेळा पाहण्याची हौस नाही. तो आपल्याला सांगत असतो की निघा. आम्ही निघालो, आणि त्याने पाठलाग केला नाही.

सर्फबोर्डावरचा माणूस खालून सीलासारखा दिसतो म्हणून चूक होते, असे नेहमी सांगितले जाते. कोवळ्या ग्रेट व्हाइटच्या दृष्टीविषयी २०२१ मध्ये झालेल्या अभ्यासाने त्याला बळ दिले आहे. मला ते पटते, पण सगळ्या घटनांचा उलगडा त्याने होतो असे मी म्हणणार नाही. टायगर शार्क जवळजवळ काहीही चाखून पाहतो.

वाळूघड्याळ

मारण्याच्या मागणीपुरते बोलतो, कारण तिचा हिशेब उपलब्ध आहे. हवाईमध्ये १९५९ ते १९७६ या काळात सरकारी मोहिमांत साडेचार हजारांहून अधिक शार्क मारले गेले आणि हल्ल्यांच्या प्रमाणात ठळक घट आढळली नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये १९३७ पासून जाळी लावली जात आहेत. पुष्कळांना वाटते की जाळे म्हणजे पाण्यातले कुंपण. तसे नाही. ते सुमारे १५० मीटर लांब असते, त्याच्या दोन्ही बाजूंनी आणि वरूनही प्राणी ये-जा करू शकतात, आणि ते अडवण्यासाठी नसून अडकवण्यासाठी असते. त्यात डॉल्फिन, कासवे, रे मासे आणि निरुपद्रवी शार्क मोठ्या संख्येने मरतात. आपण पोहतो ते या जाळ्याच्या ‘आत’ नव्हे, त्याच्या शेजारी.

याच्या उलट केप टाउनमध्ये २००४ पासून डोंगरउतारावर बसून पाण्यावर नजर ठेवणारी माणसे आहेत. हिरवा झेंडा म्हणजे पाणी स्वच्छ आणि शार्क दिसलेला नाही. काळा म्हणजे पाण्यात नीट दिसत नाही. लाल म्हणजे सावधगिरी वाढवा. पांढऱ्यावर काळा शार्क आणि भोंगा म्हणजे ताबडतोब बाहेर या. या पद्धतीतला काळा झेंडा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: आम्हाला दिसत नाही, निर्णय तुमचा. तिथल्याच फिश हुक किनाऱ्यावर २०१३ पासून बारीक विणीचे खरे अडवणारे जाळे सकाळी लावून संध्याकाळी काढून घेतले जाते, म्हणजे त्यात काही अडकून मरण्याची पाळी सहसा येत नाही.

आणि एक गोष्ट, थोडी विषयाबाहेर वाटली तरी: फिश हुक ज्याच्या काठी आहे त्या फॉल्स बे या उपसागरातून ग्रेट व्हाइट गेल्या काही वर्षांत जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. शार्क मारून त्यांचे यकृत खाणाऱ्या ऑर्का (किलर व्हेल) तिथे आल्या, हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे भीतीने जागा सोडणे त्यालाही माहीत आहे.

उधाण

वरील उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण ती सगळी पाण्यात उतरण्याची निवड करता येणाऱ्या माणसाची उत्तरे आहेत. हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर २०११ नंतरच्या काही वर्षांत दहाहून अधिक माणसे शार्कमुळे दगावली आणि २०१३ पासून खाजणाबाहेर व देखरेखीच्या जागा सोडून इतरत्र पोहण्यावर आणि सर्फिंगवर बंदी आली. ज्यांचे बालपण त्या लाटांवर गेले, ज्यांचे पोट त्यावर चालत होते, त्यांना ‘समुद्र शार्कचे घर आहे’ हे वाक्य ऐकवणे सोपे नाही. मासेमारीत दरवर्षी सुमारे दहा कोटी शार्क मरतात असा २०१३ चा अंदाज आहे, आणि त्या हिशेबात काही धोकादायक शार्क मारण्याची मागणी क्षुल्लकच ठरते. तरीही ती मागणी करणाऱ्यांना मूर्ख ठरवले की संवाद संपतो.

माझ्या मते शिकण्यासारखे उदाहरण शार्कचे नसून खाऱ्या पाण्यातील मगरीचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७१ साली मगरीची शिकार थांबवली तेव्हा सुमारे ३,००० मगरी उरल्या होत्या; आज त्या एक लाखाच्या घरात आहेत, आणि मगर माणूस निश्चितपणे खाते. तरीही लोक त्यांना राहू देतात, कारण डार्विन बंदरात शिरलेल्या मगरी पकडून नेल्या जातात, पाणवठ्यांवर फलक असतात, मुलांना शाळेत नियम शिकवले जातात, आणि रानातील अंडी गोळा करण्याचा मोबदला जमिनीच्या मालकांना मिळतो. धोका सोसणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडते, आणि काही पाणी सरळसरळ मगरीचे म्हणून सोडून दिलेले असते. आपल्या छंदाला मात्र, खोलपाणी, हे काहीच लागू नाही. आपल्याकडे तलाव आहे. म्हणून मारण्याची मागणी आपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोलपाणी

सर्वांचे आभार. उधाण यांचे शेवटचे वाक्य बोचले, पण ते बरोबर आहे. आमच्या गटात पट्टा कोणाकडेच नाही, हे काल विचारल्यावर कळले. एक शंका उरते: पाणी गढूळ असेल आणि गटातील चौघांना उतरायचे असेल, पण एकाला भीती वाटत असेल, तर निर्णय कोणी घ्यायचा?

निळावंती

डायव्हिंगमध्ये याचा नियम ठरलेला आहे. कोणीही, कोणत्याही क्षणी, कोणत्याही कारणाने ‘नको’ म्हणू शकतो. तो म्हणाला की सगळे बाहेर येतात, आणि त्याला कारण विचारले जात नाही.