प्रतिसाद : सॅकच्या आकड्यांत न मावणारे ॲलन पेज
अमेरिकन फुटबॉलमधील सर्वोत्तम बचावपटूंच्या चर्चेत, बचावपटूची थोरवी ‘सॅक’वरून, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला (आक्रमणाची सूत्रे सांभाळणाऱ्या खेळाडूला) किती वेळा खाली पाडले यावरून ठरवावी, असे मत मांडले गेले; ते मला अपुरे वाटते, कारण एनएफएलने (अमेरिकेतील या खेळाच्या व्यावसायिक लीगने) खेळाडूंच्या सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून सुरू केली आणि ॲलन पेज १९८१ च्या हंगामानंतर निवृत्त झाले होते.

मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाच्या या डिफेन्सिव्ह टॅकलला (बचावफळीच्या मध्यभागी खेळणाऱ्या खेळाडूला) १९७१ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरवले. हा मान मिळवणारे ते पहिले बचावपटू, आणि त्यांच्यानंतर बचावपटूंपैकी तो केवळ लॉरेन्स टेलर यांना, १९८६ मध्ये, मिळाला. ज्या जागी धिप्पाड देह हेच भांडवल समजले जाते, तेथे पेज यांनी चेंडू हलताक्षणी झेपावण्याच्या चपळाईवर सामने फिरवले, ही मला त्यांच्या खेळातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पुढे लांब पल्ल्याच्या धावण्यामुळे त्यांचे वजन घटत गेले. १९७८ च्या हंगामात व्हायकिंग्जने त्यांना सोडले आणि शिकागो बेअर्स संघाने लगेच घेतले. त्याच वर्षी, खेळत असतानाच, त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवली. पुढे १९९३ ते २०१५ ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते.

व्हायकिंग्ज त्यांच्या काळात चार सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) खेळले आणि चारही हरले. अशा चर्चांत त्यांचे नाव मागे पडते ते बहुधा त्यामुळेच, आणि ते मला अन्यायकारक वाटते.