मुलांबरोबर त्यांचे मित्रमैत्रिणी पण क्रूझला येणार आहेत, कोणी नेलंय का आधी?

निळीशाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय. आम्ही ७ रात्रींची क्रूझ करायचं ठरवतोय, आमची पहिलीच. मी, नवरा, मुलगा (निघायच्या ३ आठवडे आधी १८ चा होईल) आणि मुलगी १६ ची. दोघांना विचारलं तर फार उत्साह दिसेना, मग दोन दिवसांनी दोघं मिळूनच येऊन म्हणाले की एकेक मित्र आणू दिलात तर येतो, आणि आम्ही त्या भरात हो म्हणून बसलो. मुलाचा मित्र १७ चा आहे आणि मुलीची मैत्रीण १६ ची. म्हणजे सहा जण, त्यातली दोन मुलं दुसऱ्यांची.

आता टेन्शन यायला लागलंय. केबिन कशा घ्यायच्या? दुसऱ्यांच्या मुलांची कागदपत्रं काय लागतात? रात्री ही मुलं कुठे असतात, त्यांना कितपत मोकळं सोडायचं? पैशाचं काय ठरवायचं त्यांच्या आईवडलांशी? अजून रूट पण फायनल नाही, भूमध्य समुद्र की कॅरिबियन एवढ्यावर अडलंय. मुलगा यानंतर शिकायला बाहेर जाणार, चौघं मिळून असं परत कधी जमेल माहीत नाही, त्यामुळे मला हे खरंच नीट व्हायला हवंय. कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

डेकवरची खुर्ची

निळीशाई ताई, आमच्या दोन्ही मुलांना मित्रांसकट घेऊन गेलोय, दोनदा. मुलगा सुटायच्या आधी १८ चा होतोय हे तुम्ही कंसात लिहिलंत पण खरी मेख तिथेच आहे बघा. बोटीवर वय साधारणपणे धरतात ते बोट सुटते त्या दिवशीचं, आणि १७ व १८ च्या मधे तिथे सरळ भिंत आहे. टीन क्लब, म्हणजे बोटीवरची या वयाच्या मुलांची जमायची जागा, १७ ला संपतो. कार्निव्हल कंपनीच्या बोटींवर १२ ते १४ चा वेगळा आणि १५ ते १७ चा वेगळा क्लब असतो, नॉर्वेजियन कंपनीच्या बोटींवर १३ ते १७ एकत्र. म्हणजे तुमची लेक, तिची मैत्रीण आणि मुलाचा मित्र असे तिघं आत जाऊ शकतात आणि तुमचा मुलगा एकटा बाहेर. ज्याच्यासाठी मित्र आणला तोच मित्र क्लबात आणि हा डेकवर एकटा फिरतोय असं व्हायला नको.

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं आणि पहिल्या रात्री पोराचं तोंड एवढं उतरलं की मला वाईट वाटलं. डिस्नेच्या बोटींवर १८ ते २० वाल्यांसाठी १८२० सोसायटी म्हणून वेगळे कार्यक्रम असतात, बाकी ठिकाणी या वयाला फारसं कोणी विचारत नाही. तारीख हलवता येत असेल तर तो १८ चा व्हायच्या आधीची घ्या, चौघंही एका क्लबात जातील. नसेल जमत तर निदान चौघांना आत्ताच सांगून ठेवा, तिथे जाऊन कळण्यापेक्षा बरं.

रूटचं पण यातच येतं. रॉयल कॅरिबियन कंपनीचंच उदाहरण घ्या, उत्तर अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटीवर दारूचं वय २१ आणि युरोपातून सुटणाऱ्यावर १८. एमएससी कंपनीचं पण साधारण तसंच. म्हणजे भूमध्य समुद्रात गेलात तर तुमच्या मुलाला बारवर हक्काने ग्लास मिळणार आणि त्याच्या १७ च्या मित्राला नाही. मोठ्याने मागवून लहानाला दिलं आणि पकडलं गेलं तर दोघांवर कारवाई होते, प्रकरण फारच वाढलं तर पुढच्या पोर्टवर उतरवतात, आणि तेव्हा सगळं कुटुंबच उतरतं. हे मुलाशी घरीच बोला, बोटीवर चढल्यावर नको.

चौथा मजला

केबिनचं मी सांगतो. सहा जण म्हणजे दोन किंवा तीन केबिन. बऱ्याच कंपन्या नुसत्या मुलांच्या नावावर केबिन देतच नाहीत. कार्निव्हलचा नियम असा की २१ खालच्यांबरोबर २५ किंवा त्याहून मोठा नातेवाईक किंवा पालक पाहिजे, आणि मुलांची केबिन वेगळी असेल तर ती त्यांच्या केबिनच्या जवळच असावी लागते. लोक काय करतात, बुकिंगला एका केबिनमधे आईचं नाव आणि दुसरीत वडलांचं असं टाकतात आणि चढल्यावर गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन जादा चाव्या करून घेतात, बोटीवाल्यांना हे माहीत असतं आणि चालतं. तरी बुकिंगच्या आधी विचारून घ्या, कारण तुमच्यातली दोन मुलं नात्यातली नाहीत.

आम्ही तीन घेतल्या. आमची बाल्कनीवाली आणि बरोब्बर समोर कॉरिडॉर ओलांडून मुलांची खिडकी नसलेली आतली, मुलींची आमच्या शेजारी मधल्या दाराची. मुलांना खिडकी नसल्याचं काही वाटत नाही, उलट अंधार असल्याने दुपारपर्यंत झोपतात 😀 चौघांना एका केबिनमधे कोंबू नका, वरचे बंक खाली ओढले की पाय ठेवायला जागा राहत नाही आणि बाथरूम एकच, त्यात एक मुलगी पाहुणी म्हणजे संकोच. आणि लवकर बुक करा, तीनचार जणांच्या केबिन आधी संपतात, कारण बोटीच्या त्या भागातल्या लाइफबोटीत जेवढी जागा तेवढीच माणसं घेता येतात, पलंग रिकामा असला तरी देत नाहीत.

हां अजून एक, मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, केबिनप्रमाणे ठरतं. मुलांची केबिन लांब असली तर त्यांचं स्टेशन वेगळं येऊ शकतं, चढल्याबरोबर चौघांना घेऊन स्वतः चालत जाऊन दाखवा. या वयाची मुलं ड्रिल, म्हणजे त्या संकटाची तालीम, म्हटलं की कंटाळतात. जानेवारी २०१२ मधे कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, ३२ माणसं गेली, आणि त्यानंतरच ड्रिल बोट सुटायच्या आधी किंवा सुटताच घ्यायचं असा नियम २०१५ पासून आला. मी आमच्या मुलांना हे एवढंच सांगितलं, परत कुरकुर केली नाही कोणी.

सुमी_लिहिते

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. दुसऱ्याचं मूल नेणं म्हणजे नुसती गंमत नाही. आमच्या मुलीच्या मैत्रिणीला तिसऱ्या दिवशी पोटदुखी सुरू झाली, बोटीवरच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, तुम्ही हिच्या कोण? माझ्याकडे प्रवासाच्या संमतीचं पत्र होतं पण उपचाराच्या संमतीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. तिच्या आईला सॅटेलाइट वायफायवरून फोन लागेपर्यंत पाऊण तास गेला, तो पाऊण तास मी कधी विसरणार नाही. सुदैवाने साधंच निघालं.

त्यामुळे पत्र करताना दोन्ही पालकांच्या सह्या, नोटरी, बोटीचं नाव, तारखा, सगळी पोर्टं, तुमची दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, आणि स्पष्ट वाक्य की तातडीच्या उपचारांचा निर्णय तुम्ही घेऊ शकता. ॲलर्जी आणि चालू औषधं वेगळ्या कागदावर. विमा त्या मुलांचा पण काढायचा आणि त्यात बोटीवरून हलवावं लागलं तर त्याचा खर्च धरलाय का बघायचं, समुद्रातून पेशंट हेलिकॉप्टरने न्यावा लागला तर आकडा ऐकवत नाही. पासपोर्टची मुदत परतल्यानंतर सहा महिने तरी उरलेली हवी. आणि व्हिसा लागत असेल तर भूमध्य समुद्रात हे नक्की तपासा: मधे ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानचं पोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) मल्टिपल एंट्रीच, म्हणजे अनेकदा आत येता येईल असा, पाहिजे, बोट शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येते म्हणून.

एवढं सगळं करायची तयारी असेल तर न्या.

ती_मैत्रीण

मी इथल्या बहुतेकांपेक्षा लहान आहे, २० ची. १७ ची असताना मैत्रिणीच्या कुटुंबाबरोबर गेले होते, तर त्या बाजूने सांगते कारण ते कोणी सांगत नाही.

सगळ्यात अवघड पैसे होते. काकाकाकूंनी तिकीट काढलं होतं आणि माझ्या आईबाबांनी मला खर्चाला पैसे दिले होते पण कशाचे कोणी द्यायचे हे मोठ्यांमधे कधी बोलणंच झालं नव्हतं. बोटीवर रोख चालत नाही, सगळं बोटीने दिलेल्या कार्डावर पडतं आणि कार्ड काकांच्या खात्याला जोडलेलं. म्हणजे मी एक कोल्ड्रिंक घेतलं तरी ते काकांच्या बिलात. पहिले तीन दिवस मी काही घेतलंच नाही, आवडत नाही म्हणाले. सगळे स्पेशल रेस्टॉरंटमधे जायचं म्हणाले तेव्हा पोट बिघडलंय म्हणाले. काकूंना वाटलं मला मजा येत नाहीये आणि त्या अजूनच मागे लागल्या. चौथ्या दिवशी रडले तेव्हा कळलं त्यांना. काकू खूप चांगल्या होत्या, कोणाचीच चूक नव्हती, पण आधी दहा मिनिटं बोलणं झालं असतं तर माझे तीन दिवस वाचले असते.

म्हणून प्लीज, त्या मुलांच्या आईवडलांशी मुलांच्या समोर बसून बोला. तिकीट कोणाचं, रोजची टिप माणशी लागते ती कोणाची, पोर्टवरच्या सहली कोणाच्या, वायफाय कोणाचं. मुलाच्या कार्डाला वेगळी लिमिट लावता येते, आणि बऱ्याच बोटींवर त्याच्या आईवडलांचं कार्ड त्याच्या खात्याला जोडता येतं, ते करा. मग तो स्वतःचं स्वतः घेतो, मान वर करून. आणि तुमच्या मुलांना जे नियम तेच त्यांना, पाहुणे म्हणून जास्त लाड पण नकोत. मला काकूंनी शेवटच्या रात्री लेकीबरोबर उशीर केला म्हणून दोघींना सारखंच झापलं, आणि खरं सांगू, मला फार बरं वाटलं होतं.

डेकवरची खुर्ची

ती_मैत्रीण, फार महत्त्वाचं लिहिलंस गं. आम्ही दुसऱ्या वेळी हेच केलं, पहिल्या वेळी सुचलं नव्हतं.

निळीशाई

बापरे, केवढं काय काय. सुमीताई राग कसला, उपचाराच्या संमतीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. ती_मैत्रीण, तुझं वाचून डोळ्यात पाणी आलं, मुलीची मैत्रीण अगदी अशीच आहे, मागणार नाही कधी. आता रात्रीचं आणि पोर्टचं कोणी सांगेल का? मुलगा आत्तापासून म्हणतोय की १८ चा झालो की मी आणि मित्र आमचं आमचं रोम बघून येऊ.

चौथा मजला

रोमला बोट लागते म्हणजे चिव्हितावेक्किया बंदराला लागते, तिथून रोम सुमारे ८० किमी, ट्रेनने तास सव्वा तास एकेरी. दोघं निघाले आणि येताना ट्रेन रखडली तर बोट थांबत नाही. बोटीच्या स्वतःच्या सहलीने गेलात आणि उशीर झाला तर जबाबदारी कंपनीची असते, स्वतःचं स्वतः गेलात तर तुमची. मार्च २०२४ मधे साओ टोमे या आफ्रिकेजवळच्या बेटावर आठ प्रवासी खाजगी टूर उशिरा आली म्हणून मागे राहिले होते आणि बोट गाठायला त्यांना देशामागून देश फिरावे लागले, ती तर मोठी माणसं होती. शिवाय मित्र १७ चा, बऱ्याच कंपन्या १८ खालच्याला मोठ्या माणसाशिवाय गँगवेवरून, म्हणजे बोटीतून बंदरावर उतरायच्या शिडीवरून, उतरूच देत नाहीत, आणि तुमचा १८ चा मुलगा त्यांच्या लेखी मोठा माणूस नसतो, कित्येक ठिकाणी २१ लागतात. तेव्हा रोम सहा जण मिळून, तिथे गेल्यावर दोन तास चौघांना एका भागात मोकळं सोडा.

घड्याळ पण बघा. बोटीची वेळ आणि पोर्टची वेळ एक असेलच असं नाही आणि मोबाईल आपोआप बदलतो. आम्ही मुलांना साधी घड्याळं दिली बोटीच्या वेळेवर लावून. मोबाईल चढल्यापासून एअरप्लेन मोडवर, नाहीतर समुद्रातलं रोमिंग लागतं आणि बिल येतं. आपापसात निरोपांना बोटीच्या ॲपमधलं चॅट चालतं.

डेकवरची खुर्ची

रात्रीचं मी सांगते. बऱ्याच बोटींवर १७ पर्यंतच्यांना रात्री १ नंतर एकटं फिरू देत नाहीत, तुमच्या मुलाला तो नियम लागणार नाही पण मित्राला लागेल, तर घरचा नियम चौघांना एकच ठेवा. दुसऱ्याच्या केबिनमधे जायचं नाही, नव्या ओळखी झाल्या तर सगळ्यांसमोर डेकवर भेटायचं, हा एक नियम आम्ही कधी सैल केला नाही. बाल्कनीच्या कठड्यावर बसायचं नाही, हाही. व्हेप वगैरे कोणाच्या बॅगेत आहे का ते घरीच विचारा, पाहुण्यांना पण, संकोच न करता.

बाकी दिवसभर सोडा त्यांना. पहिल्या संध्याकाळी मात्र क्लबात ढकलूनच पाठवा, ओळखी त्याच रात्री होतात, तिसऱ्या दिवशी गेलं तर गट पडलेले असतात. आणि रात्रीचं जेवण रोज सहा जण एका टेबलावर, त्याला सुट्टी नाही. मला माझा मुलगा या जेवणांमधे भेटला खरं तर. मित्र समोर असला की मुलं जास्त बोलतात, घरी जे कधी सांगत नाहीत ते मित्राच्या तोंडून कळतं, आपण फक्त ऐकायचं.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज नवऱ्याशी बोलले, वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यातली बोट मिळतेय, तीच बघतोय, म्हणजे चौघं एकाच क्लबात. तीन केबिन, चौथा मजला म्हणाले तशा. आणि रविवारी दोन्ही घरच्यांना मुलांसकट बोलावलंय, पैशाचं आणि पत्राचं सगळं समोरासमोर. मुलाला रोमचं सांगितलं तर आधी फुगला, मग म्हणाला दोन तासांचे तीन कर. बघू 🙂 पत्राचा मसुदा झाला की इथे टाकते, सुमीताई तुम्ही एकदा नजर घालाल ना?

सुमी_लिहिते

टाका टाका, नक्की बघते. नावं आणि पासपोर्ट नंबर खोडून टाका मात्र.