'मिस्टी' एकट्या गिटारवर: धून, बेस आणि मधले सूर एकत्र कसे बसवायचे?

कृष्णाकाठ (सांगली)

नायलॉन तारांची क्लासिकल गिटार आहे. जॅझ पियानोवादक एरोल गार्नर यांचं 'मिस्टी' (१९५४) एकट्याने, साथीशिवाय वाजवायचं आहे. मूळ ई फ्लॅट स्केलमधले कॉर्ड पाठ आहेत, धूनही वेगळी नीट वाजते. दोन्ही एकत्र केलं की धून दडपली जाते आणि प्रत्येक कॉर्ड बदलताना आवाज तुटतो. सरावाला तानपुरा ॲप लावतो. इम्प्रोव्हाइझ करताना मेजर पेंटॅटॉनिक (पाच सुरांचं स्केल) धरतो, पण चौथ्या बारला (चार मात्रांचं एक आवर्तन म्हणजे बार) हमखास बेसूर वाटतं. कुठून दुरुस्त करू?

अजिंक्यतारा (सातारा)

आधी स्केल बदला, जी मेजरमध्ये या. बेसच्या मोकळ्या (न दाबलेल्या) तारा ई (सहावी), ए (पाचवी), डी (चौथी). ई फ्लॅटमध्ये वाजवलं तर ए भागातल्या (पहिल्या आठ बारांतल्या) एकाही कॉर्डचा मूळ सूर या तिघांपैकी नसतो, म्हणून डावा हात सतत बेस दाबण्यात अडकतो आणि आवाज तिथेच तुटतो. जीमध्ये ई मायनर, ए मायनर, डी सेव्हन, ई सेव्हन यांचे बेस मोकळ्या तारांवर मिळतात.

दुसरं, सहा तारांचे भरलेले कॉर्ड सोडून द्या. बॅलडला बेस, कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर, आणि वर धून, एवढं पुरतं. मधले दोन सूर चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर ठेवा, म्हणजे पहिल्या दोन तारा धुनेला मोकळ्या राहतात. बार २ ते ४ असे (आकडे फ्रेटचे, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांचे):

डी मायनर सेव्हन: पाचवी ५, चौथी ३, तिसरी ५
जी सेव्हन: सहावी ३, चौथी ३, तिसरी ४
सी मेजर सेव्हन: पाचवी ३, चौथी २, तिसरी ४
सी मायनर सेव्हन: पाचवी ३, चौथी १, तिसरी ३
एफ सेव्हन: सहावी १, चौथी १, तिसरी २

बेस सोडून फक्त मधल्या दोन तारा वाजवून बघा. प्रत्येक सूर एक तर जागेवर राहतो, नाही तर एकच फ्रेट खाली उतरतो. गाण्याचा सगळा ओलावा या उतरण्यात आहे. बार ७-८ मध्येही जवळपास तसंच, फक्त तिसऱ्या तारेवर एकदा दोन फ्रेट उतरावं लागतं: बी मायनर सेव्हनला सहावी, चौथी, तिसरी तिन्ही ७ वर, ई सेव्हनला सहावी मोकळी, चौथी ६, तिसरी ७, ए मायनर सेव्हनला पाचवी मोकळी, चौथी ५, तिसरी ५, डी सेव्हनला पाचवी ५, चौथी ४, तिसरी ५. शेवटच्या कॉर्डला मोकळ्या डीचा मोह होईल, पण ती चौथी तार मधल्या सुरासाठी लागते.

सुरुवातीचे तीन सूर डी, बी, एफ शार्प. पहिल्या तारेवर १० आणि ७, मग दुसऱ्या तारेवर ७. त्या एफ शार्पखाली तर्जनी चौथ्या तारेच्या ५ वर, अनामिका तिसऱ्या तारेच्या ७ वर, करंगळी धुनेवर. या आकारात बी नाही, पण तो नुकताच धुनेत ऐकलेला असतो, त्यामुळे कॉर्ड उणा वाटत नाही.

सगळं एकाच ठोक्यावर मावत नाही, मावायलाही नको. पहिल्या मात्रेला बेस आणि धून, मधले सूर दुसऱ्या मात्रेला, हलके. दुसऱ्या बारात धून वर चढते तिथे वर दिलेला डी मायनर सेव्हनचा आकार पोचणार नाही. चौथी तार मोकळी वाजवा, तिसऱ्या तारेचा १० (एफ) घ्या आणि सी सोडून द्या.

धून दडपण्याचं कारण बहुधा उजवा हात. धुनेचा सूर अनामिकेने, रेस्ट स्ट्रोकने वाजवा, म्हणजे बोट तार छेडून शेजारच्या जाड तारेवर टेकेल. अंगठा मात्र हवेत सुटू द्या. कॉर्ड उलगडून वाजवत असाल तर बेस किंचित आधी आणि धून बरोबर मात्रेवर. बेस मात्रेवर आणि धून मागून आली की गाणं ओढल्यासारखं होतं.

मिरजकर

वरच्या मांडणीवर पुढचं बोलतो. तानपुरा बंद करा. मिरजेचा तानपुरा कितीही गोड जवारीचा असो, या गाण्याखाली तो चालणार नाही, कारण इथे पायाच हलत राहतो.

चौथ्या बारचं उत्तर सरगममध्ये पटकन सापडेल. जी म्हणजे सा धरा. बार २ मध्ये एफ येतो, म्हणजे कोमल नि, खमाज थाटाचे सूर. बार ४ मध्ये सी मायनर आणि एफ सेव्हन: कोमल ग, कोमल ध, कोमल नि, म्हणजे आसावरी थाटाचे सूर. तुमच्या पेंटॅटॉनिकमधले शुद्ध ग आणि शुद्ध ध नेमके यांनाच धडकतात. बार ७ च्या ई सेव्हनला कोमल रे लागतो. ही फक्त सूर ओळखायची खूण आहे. त्या रागांचं चलन इथे आणू नका.

महत्त्वाचा आहे तो सांधा. बार ४ मधला कोमल ग बार ५ च्या पहिल्या मात्रेला शुद्ध ग वर चढवा, किंवा कोमल ध प वर उतरवा. एवढा एक सूर वेळेवर पडला तर साथीला कोणी नसतानाही कॉर्ड बदललेला ऐकू येतो.

विस्ताराची घाई नको. बंदिश बसल्याशिवाय आपण आलापीला हात घालत नाही, तसंच इथे. पहिली फेरी धून जशीच्या तशी. दुसऱ्या फेरीत धून जिथे लांब थांबते तिथेच तीन ते पाच सुरांची जागा भरायची आणि ती पुढच्या कॉर्डच्या तिसऱ्या किंवा सातव्या सुरावर संपवायची. तिसऱ्या फेरीत धून मोडा, पण प्रत्येक आठ बारांची सुरुवात ओळखू यावी. मींडेसाठी तार ओढू नका, नायलॉनवर त्याने सूर फारसा चढत नाही. दुसऱ्या तारेवर ६ वरून ७ वर सरका, आणि कंप तारेच्या लांबीच्या दिशेने द्या.

मेट्रोनोम ३० वर ठेवून ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचे समजा, म्हणजे लय ६० होते. जुने चावीचे मेट्रोनोम ४० च्या खाली जात नाहीत, मोबाइलवरचं ॲप वापरा.

कृष्णाकाठ (सांगली)

जीमध्ये आठ बार बसवून पाहिले, मधले सूर खरंच सलग उतरतात. एक अडचण: ई सेव्हनची मोकळी सहावी तार ए मायनरमध्येही घुमत राहते, सगळं गढूळ होतं.

अजिंक्यतारा (सातारा)

पाचवी तार छेडल्यावर लगेच अंगठ्याची मागची बाजू सहाव्या तारेला टेकवा. ही हालचाल वेगळी घोटावी लागते: सहावी, पाचवी, टेक, सहावी, पाचवी, टेक, ५० च्या लयीत, डावा हात न लावता. उलट क्रमाने, म्हणजे पाचवीवरून सहावीवर येताना, अंगठा आधी सहावी छेडतो आणि मग पाचवीवर परत येऊन ती बंद करतो. तो उलटा क्रम जास्त चुकतो, त्याला दुप्पट वेळ द्या.