रझाशाह: इराण घडवला की दामटला?

पेठकर:
इराणचा विषय निघाला की गाडी थेट खोमेनींवर येते. रझाशाह पहलवी कुणाला आठवतच नाही. 1921 मध्ये कोसॅक ब्रिगेड या रशियन धर्तीच्या घोडदळाचा हा अधिकारी फौज घेऊन तेहरानात घुसला, 1925 मध्ये गादीवरचं काजार घराणं घालवून स्वतःच शाह झाला. सगळ्यांना कायद्यानं आडनावं लावली, परकीयांवर इराणी कोर्टात खटला चालत नसे ती सवलत 1928 मध्ये मोडीत काढली, 1934 मध्ये तेहरान विद्यापीठ काढलं. आणि ती रेल्वे! कास्पियनपासून आखातापर्यंत 1394 किलोमीटर, परकीय कर्जाची एक पै न घेता. हा माणूस नसता तर इराणचे तुकडेच पडले असते, असं माझं मत.

कडू_कारलं:
पै घेतली हो, फक्त घरातूनच. चहा-साखरेवर खास कर बसवला होता. इराणी माणूस दातात साखरेचा खडा धरून चहा पितो. हमालाच्या त्या खड्यातून रूळ पडले. बरं, तबरीझ, मशहद, इस्फहान यांपैकी एकही शहर त्या मार्गावर नाही. 1941 नंतर खरा उपयोग कुणाला झाला? महायुद्धात रशियाला रसद पोचवणाऱ्या दोस्त राष्ट्रांना.

पेठकर:
आपल्या जीआयपीला, म्हणजे मुंबईच्या जुन्या रेल्वे कंपनीला, पाच टक्के परताव्याची हमी होती, तीही रयतेच्याच पैशातून. आणि भागधारक लंडनचे. इथं निदान रूळ तरी इराणचे होते.

जाईजुई:
रुळांवरून जरा खाली उतरा. जानेवारी 1936 मध्ये बुरखाबंदी आली. पोलीस भर रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादोर, म्हणजे अंगभर घ्यायचं वस्त्र, ओढून काढत. घरोघरी न्हाणीघर नव्हतं, अंघोळीला सार्वजनिक हमामात जावं लागे. तिथं पोचायला बायका अंधारात गच्च्यांवरून जात. कित्येकींनी उंबराच ओलांडला नाही. त्याआधी, 1935 मध्ये मशहदच्या गोहरशाद मशिदीत सक्तीच्या युरोपीय टोपीविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. माणसाच्या डोक्यावर काय असावं हे सरकारनं ठरवायचं, हा पायंडा खोमेनींच्या आधीचा आहे.

पेठकर:
मुली विद्यापीठात गेल्या त्याही त्याच दशकात, जाईजुई.

कडू_कारलं:
हो, गेल्या. पण नवी कोर्टं उभारणाऱ्या मंत्री दावरनं 1937 मध्ये आत्महत्या केली. शाहचा उजवा हात मानलेला दरबारमंत्री तैमूरताश 1933 मध्ये तुरुंगात मेला. साधा शिपाईगडी म्हणून सुरुवात केलेले शाह मात्र गादी सोडताना देशातले सगळ्यात मोठे जमीनदार होते!

पेठकर:
जमिनींचं समर्थन मी करणार नाही. तिथं तो लुटारूच.

डोंगरीकर:
मध्येच नाक खुपसतो, कारण गोष्ट आमच्या गावची आहे. ऑगस्ट 1941 मध्ये ब्रिटन-रशियाच्या फौजा शिरल्या, सप्टेंबरात रझाशाहला गादी सोडावी लागली. बंदर अब्बासहून ब्रिटिशांनी ज्या बोटीत घातलं तिचं नाव काय, तर 'बांद्रा'. मुंबईसमोर आली, पण याला उतरू दिलं नाही. तिथून मॉरिशस, मग जोहान्सबर्ग. 1944 मध्ये तिथेच वारला.

जाईजुई:
आणि त्याची पाठ वळताच तेहरानात चादोरी पुन्हा बाहेर आल्या. मग सोळा वर्षांत बदललं काय, पेठकर?

पेठकर:
आडनावं राहिली. विद्यापीठ राहिलं. आणि ती रेल्वे आजही धावते.

कडू_कारलं:
चहा मात्र अजून खडा दातात धरूनच पितात.